बुडण्यापुरतं पाणी

मित्रांनो, मी एक जुना हौद आहे, आणि तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या डोक्यावर बसून गणितं सोडवता. तुमच्या सरांच्या टेबलाखालच्या फळ्या पोकळ वाजतात ना, ते माझं झाकण आहे.

बीडमधली ही क्लासची खोली पूर्वी बाप्टिस्ट चर्च होती. या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर पाणी शिंपडणं नव्हे. माणूस पाण्यात पूर्ण बुडाला पाहिजे, डोक्यावरचा केससुद्धा कोरडा राहता कामा नये. त्यासाठी निजामाच्या अमलात गवंड्यांनी मला दगडचुन्यात बांधलं. छातीइतका खोल, उतरायला पाच पायऱ्या. पाणी आवारातल्या विहिरीचं. तेव्हा आजूबाजूला पेरूच्या बागा आणि पिंजाऱ्यांची घरं होती. बाप्तिस्म्याच्या रविवारी पिंजाऱ्यांची पोरं खिडकीत चढून विचारायची, "आज कोन बुडनार हाय?" मला हसू यायचं. बुडणं हा माझ्याकडे चांगला शब्द होता.

पुढे बागा तुटल्या, पिंजारी निघून गेले, व्यापाऱ्यांची घरं आली. बाहत्तरच्या दुष्काळात गल्लीतल्या साऱ्या विहिरी आटल्या, आमची तेवढी टिकली. तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मला भरून ठेवलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं, या आणि न्या. शेजारचे ईश्वरप्पा, गळ्यात लिंग, चर्चची पायरी कधी न चढलेले, स्वतः घागर घेऊन आले. त्यांचा लहानगा राजेश्वर तो उन्हाळाभर माझंच पाणी प्यायला. सगळी गल्ली मला 'आपला हौद' म्हणू लागली. खोटं कशाला बोलू, मी फार मिजाशीत होतो.

चर्च झाडायला विमलबाई होत्या. त्यांची आई दगडाबाई माझ्यातच बुडाली होती. पण विमलबाईंच्या नवऱ्यानं बजावून ठेवलं होतं, "बुडलीस तर घरात पाय ठेवू नको." आणि बाप्तिस्मा झाला नसेल त्याला या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, मिळत नसे. द्राक्षरसाचे छोटे पेले विमलबाई धुवायच्या, पुसायच्या, तबकात ओळीनं मांडायच्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसायच्या. तीस वर्षांत त्यातला एक घोट त्यांना मिळाला नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

नव्वदनंतर गल्ली ओळखू येईना. एसटीडी बूथ, केबलच्या वायरी, मग राजेश्वरचं तीन मजली कॉम्प्लेक्स. मंडळीतली तरुण माणसं कंपन्यांत कामाला म्हणून औरंगाबादला, पुण्याला गेली ती गेलीच. पाळक महिन्यातून एकदा येऊ लागले. राजेश्वरनं आमच्या भिंतीला लागून बोअर घेतला, तेव्हा दोन दिवस जमीन हादरत होती. त्याच उन्हाळ्यात आमची विहीर आटली आणि माझ्या तळाला बारीक तडा गेला. मला तो कळला होता. पण सांगायला मला तोंड नव्हतं, आणि फळ्या उचलून बघायला कोणी नव्हतं.

सत्त्याण्णव साली विमलबाईंचा नवरा वारला. काही दिवसांनी त्यांनी मंडळीतल्या जुन्या गहिनीनाथ मास्तरांना गाठलं. "मास्तर, आता मला अडवनारं कुनी न्हाई. आईच्या हौदात बुडवा मला."

पाळक येत्या रविवारी यायचे होते. मास्तर पाणी मागायला राजेश्वरकडे गेले. तो म्हणाला, "त्या साली आमी तुमच्या पान्यावर जगलो. आता कावून न्हाई म्हनू?" शनिवारी दुपारी त्यानं नळी सोडून मला काठोकाठ भरलं. इतक्या वर्षांनी! मी ते पाणी जिवाच्या आकांतानं धरून ठेवलं, मित्रांनो.

रविवारी सकाळी फळ्या उचलल्या तेव्हा पाणी घोट्याइतकं होतं.

विमलबाई पांढरं लुगडं नेसून पायरीवर उभ्या होत्या. राजेश्वर आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बोअर बी उपसला. आता चार दिस पानी न्हाई."

"ओंजळीनं डोक्यावर ओतू का?" पाळकांनी हळूच विचारलं.

"मंडळीचा नेम हाय," मास्तर म्हणाले. "बुडाल्याबिगर न्हाई."

विमलबाईंनीही मान हलवली. "अर्धं नको. माझी आई पुरी बुडालती."

पाळकांनी पुढच्या महिन्याचं ठरवलं आणि ते अकराच्या एसटीनं गेले. विमलबाईंनी पदर खोचला. फडकं घेऊन त्या माझ्यात उतरल्या आणि तळाचं पाणी टिपून बादलीत पिळलं, कारण ते काम त्यांचंच होतं. मग त्यांनी त्या दिवशीचे पेले धुतले.

दुसऱ्या आठवड्यात ऊन लागून त्या गेल्या. पुढच्या महिन्यात पाळक आले, तेव्हा बुडायला कोणी उरलं नव्हतं. मास्तरांनंतर दाराला कुलूप लागलं, आणि नंतर ही खोली तुमच्या क्लासला मिळाली.

म्हणून सांगतो, कुठं बारीक तडा दिसला तर त्याच दिवशी मोठ्या माणसांना दाखवा. म्हाताऱ्या माणसाला जे द्यायचं ते पुढच्या महिन्यावर ढकलू नका. माझ्यासाठी मात्र आता काही करू नका.

मधल्या सुट्टीत तुमच्या बाटल्यांतलं पाणी सांडतं, फळ्यांच्या फटीतून माझ्यावर पडतं. मी ते धरून ठेवायला बघतो. तुमची सुट्टी संपेपर्यंतही ते राहत नाही.