बापलेकीने मोजलेला धूर

मित्रांनो, मी एक जुना डंपर आहे. नाक चेपलेले, एक आरसा तारेने बांधलेला. पण कारखान्यातून नवा आलो तेव्हा माझा तोरा काय विचारता! खाणीतले टाकाऊ दगड पाठीवर घ्यायचे आणि वर माळावर नेऊन ओतायचे, हे माझे काम. चढावर धाप लागली की माझा चालक मला थोपटायचा. "चल रे पैलवाना, घरी जायचंय."

ओतता ओतता माळावर डोंगर उभा राहिला. पावसात त्यातून तांबूस पाणी ओढ्यात उतरू लागले. खाण बंद झाली आणि त्या डोंगराचे काय करायचे, हे तपासायला चालकाचीच लेक आली. शिकून मोठी झालेली. मला केवढा अभिमान वाटला!

मार्ग दोन होते. दगड लांबच्या, ओढा नसलेल्या नव्या जागेवर न्यायचे, म्हणजे मला आणि चालकाला पुष्कळ वर्षांचे काम. किंवा शेजारच्याच रिकाम्या खाणीत परत भरून वर पाणी अडवायला चिकणमाती दाबायची, म्हणजे काम लवकर आटोपणार. पोरीला दोन्हींचा पुरता हिशेब हवा होता: ओढ्याचे पाणी, दगडांखाली जाणारी जमीन, माझे डिझेल, टायर, अगदी मी ज्याचा बनलो ते लोखंडसुद्धा.

डिझेल मोजायला ती दिवसभर केबिनमध्ये बसली. त्या दिवशी बापाने मला असे जपून चालवले, जणू पाठीवर काचेची भांडी होती. थांबलो की इंजिन बंद! एरवी रांगेत मी तासन्‌तास घुरघुरत असायचो. डिझेल इतके कमी लागले की लांबची जागाच बरी ठरू लागली.

"बाबा, रोज गाडी अशीच चालवता?"

चालक उगाच स्टिअरिंग पुसत राहिला. मग म्हणाला, "नाही गं. उद्या परत बस. रोजच्यासारखी चालवतो."

"तुमचं काम जाईल, बाबा."

"मग घरी बसून तुझं डोकं खाईन."

दुसऱ्या दिवशी मी पोटभर धूर ओकला. खरे डिझेल धरल्यावर लांबची जागा महागात पडली आणि शेजारचीच खाण भरायचे ठरले.

आता तेच दगड आम्ही खाली उतरवतो. खाण भरली की चालक घरी जाईल आणि मी भंगारात. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण बापाने खरे सांगितले त्या दिवसाइतका तो मला कधीच आवडला नव्हता. मित्रांनो, काहीही टाकताना ते कोण वाहणार आणि कुठे राहणार, हे आधी विचारत जा. आणि माझी पाळी आली की मला वितळवायला जवळचीच भट्टी शोधा. माझ्यापायी आता आणखी धूर नको.