जे, के, ई

अपेक्षाने प्लग उपसला, पिनांवर फुंकर मारली आणि पुन्हा घट्ट खोचला. कॉम्प्युटर सुरू झाला. तिने डी ड्राइव्ह उघडला. ‘कीर्तन’ नावाचा फोल्डर जागेवर होता, त्यातल्या फाइलीही होत्या. वरचीच एक उघडली, आणि मघासारखंच झालं. पानभर इंग्रजी अक्षरांचा पाला. मध्येच अर्धविराम, मध्येच कंस, शब्द म्हणावा असा एकही नाही. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तोच पाला.

ओसरीवर खाटेच्या कडेवर बोटं वाजत होती. दोन ठोके लागोपाठ, मग एक जरा लांबून. टक टक, टक.

ते तिचे सासरे, नानाजी. कीर्तनात माइक बंद पडला तरी ज्यांचा आवाज मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा, त्या नानाजी महाराजांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केली होती, कुजबुजसुद्धा नाही. आता पाटी आणि पेन्सिल एवढाच त्यांचा आवाज. आणि घरी आल्यापासून ही बोटं. आधी तिला वाटलं, करमत नसेल. पण जेवण झाल्यावर, बातम्या बघताना, डोळा लागता लागताही ती थांबत नव्हती. नानाजींच्या मोठ्या भावाचा लकवा असाच हातापासून सुरू झाला होता. तिने नवऱ्याला, रजतला, फोनवर सांगितलं होतं. तो यवतमाळच्या एका कॉलेजात क्लार्क. नसांच्या डॉक्टरकडे नंबर लावतो म्हणाला होता. नानाजींना मात्र कोणी काही बोललं नव्हतं.

त्यात आता हे.

नानाजी घाटंजीच्या तहसीलसमोर टिनाच्या शेडात बसून जन्मभर लोकांचे अर्ज टाइप करत आले. संध्याकाळी घरी आले की स्वतःची आख्यानं टाइप करायचे. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, तरी हात तेच राहिले. ती आख्यानं दुसरीकडे कुठेच नव्हती. आवाज पहिल्यासारखा येईल की नाही, हे डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं नव्हतं. म्हणूनच हनुमानाच्या देवळातल्या मंडळींनी ठरवलं होतं, शनिवारची बैठक मोडायची नाही. महाराजांचं लिहिलेलं सूनबाई वाचून दाखवेल. नानाजींनी पाटीवर लिहिलं होतं, ‘वाच. मी ऐकतो.’

आज शनिवार होता.

आणि नानाजी दवाखान्यात असताना, त्यांना न विचारता, कॉम्प्युटर तिनेच फॉर्मॅट करून घेतला होता.

तिचंही काय चुकलं? कीर्तनाचं रेकॉर्डिंग पाहिजे म्हणून गावोगावची माणसं पेनड्राइव्ह घेऊन यायची. देवाच्या नावाने आलेल्या माणसाला नाही म्हणणं नानाजींच्या रक्तात नव्हतं. लावला पेनड्राइव्ह, दिलं रेकॉर्डिंग, वर चहा. होता होता मशीनमधले फोल्डर शॉर्टकट व्हायला लागले. मग कशावरही क्लिक केलं की जाहिरात. शेवटी एक दिवस लाल पडदा आला, ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा,’ आणि आतून भोंगा. शेजारची तानाबाई हातातलं सूप टाकून धावत आली होती. अपेक्षाने तो फोन केला नाही, तेवढं बरं केलं. सरळ बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या संजयला बोलावलं होतं.

आताही त्यालाच बोलावलं. तो आला, चप्पल काढली, खाटेकडे बघून हात जोडले. नानाजींनी मान हलवली. बोटं चालूच होती.

“काय झालं वहिनी?”

“हळू बोला,” अपेक्षा म्हणाली. “तुमीच पाहा. सारं खाऊन टाकलं व्हायरसनं.”

“कायचा व्हायरस? मी तं डी ड्राइव्हले धक्काबी नाही लावला.” तो खुर्चीवर बसला, माउस फिरवला. “अँटिव्हायरस चालू हाये, अपडेट हाये. स्कॅन मारतो, थांबा.”

स्कॅन संपेपर्यंत अपेक्षा दाराची कडी धरून उभी होती. पडद्यावर हिरवी खूण आली.

“क्लीन हाये,” संजय म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. “फाइली करप्ट झाल्या वाटते.”

“मंग परत येत नाहीत?”

तो मान पुढे काढून पडदा वाचायला लागला, शेतात पडलेलं नाणं शोधावं तसा. “बाप्पा! काय लिवलं हे? जे, के, ई. जे, के, ई. जे, के, ई. खाली पुन्हा तेच. पाहा वहिनी, दर दोन-चार ओळींनी तेच. याले एकच शब्द पाठ हाये काय?”

ओसरीवरची टकटक थांबली.

खाट करकरली. नानाजी दारात उभे होते, गळ्याला पांढरा पंचा, बगलेत पाटी. पदराशी चाळा करत अपेक्षा म्हणाली,

“मामाजी, माह्यी चूक झाली. तुमी दवाखान्यात होते तवा मीच...”

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. संजय उठला, ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला, पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. अपेक्षाने तोंडाला हात लावला. जन्माची कमाई गेलेला माणूस तिने असा कधी बघितला नव्हता.

पण नानाजी रडत नव्हते. हसत होते. आवाज निघू नये म्हणून एका हाताने गळा दाबून धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यांनी कोरं पान उघडलं. दोन्ही हात बटणांवर ठेवले. उजव्या हाताची दोन बोटं पडली, एकामागून एक. मग डाव्याचं मधलं. पडद्यावर आलं: जे, के, ई. मग त्यांनी मांडीवर पाटी घेतली, लिहिलं आणि पडद्याला टेकवून उभी केली.

पाटीवर होतं: राम.

संजय एकदा पाटीकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला.

“फॉन्ट! अरे बावा, जुना मराठी फॉन्ट! त्यात जे दाबलं का र, के दाबलं का काना, ई दाबलं का म. फॉर्मॅटमंदी तोच उडाला. वहिनी, काहीच नाही गेलं. अक्षरं जाग्यावर हायेत, नुसते अंगावरचे कपडे गेले त्यायचे.”

“सारं हाये?”

“सारंच्या सारं! तहसीलसमोरच्या पोराकडं असंन तो फॉन्ट. आलोच घेऊन.”

तो गेला. अपेक्षा तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. नानाजींनी पाटी पुसून नवं लिहिलं, ‘चहा ठेव. दोघांचा. संजयचाही.’ मग ‘दोघांचा’ खोडून ‘तिघांचा’ केलं.

चहा उकळेपर्यंत संजय पेनड्राइव्ह घेऊन हजर. तो खोचणार, तोच अपेक्षा स्वयंपाकघरातून ओरडली, “आधी स्कॅन करा!”

नानाजींनी तिच्याकडे आणि पेनड्राइव्हकडे बघून, चोरी पकडल्यासारखी, मान खाली घातली.

फॉन्ट बसला. संजयने फाइल उघडली. ओळीमागून ओळ मराठी उभी राहिली, काने, मात्रे, वेलांट्या, सगळं आपापल्या जागी. जिथे जिथे ते तीन अक्षरांचं घोडं अडत होतं तिथे तिथे आता ‘राम राम राम’ होतं. कीर्तनात जिथे धून उचलायची, तिथली ती खूण होती.

संध्याकाळी देऊळ भरलं. तानाबाई पुढच्याच रांगेत बसली होती.

“काय वाचतं व आज?”

“मामाजीचं.”

तिने छापून आणलेली पानं वाचायला घेतली. सुरुवातीला आवाज चिरकला, मग लागला. ‘देव दाराशी उभा होता, आणि घरातली माणसं त्याले नाव विचारून राह्यलती.’ पुढे ती खूण आली. राम राम राम. अपेक्षा थांबली. इथून पुढे नेहमी नानाजींचा आवाज वर जायचा. आज कोणीच उचलेना. टाळ हातात धरून माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

तिने खांबापाशी बसलेल्या नानाजींकडे बघितलं. तोंड घट्ट मिटलेलं, डोळे मिटलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर. आणि बोटं चालू होती. उजव्या हाताची दोन, एकामागून एक. मग डाव्याचं मधलं. पुन्हा उजव्याची दोन.

अपेक्षा बघत राहिली. हातातलं पान तिने खाली ठेवलं.

मग तिनेच धून उचलली. तानाबाईने टाळी धरली, मागून टाळ आले, आणि देऊळ हललं.

बैठक संपल्यावर पायऱ्यांवर चपला शोधताना फोन वाजला. रजत होता.

“आईक, सोमवारचा नंबर भेटला. बाबाले घेऊन ये. बोटं हलून राह्यले का आजबी?”

“हलून राह्यले.” तिने आत बघितलं. नानाजी अजून खांबापाशीच होते. “पण नंबर राहू द्या.”

“काहून?”

“हाताले काही नाही झालं त्यायच्या,” अपेक्षा म्हणाली. “त्यायचं कीर्तन चालू हाये.”