आबांचे तळवे

आमच्या कंपनीच्या नव्या स्पोर्ट्स कारला अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन ठेवायचं की नाही, हे आबांच्या शब्दावर ठरणार होतं. आबा म्हणजे माझे वडील, भिमाजी. सव्वीस वर्षं ते कंपनीत गाड्यांच्या चाचण्या घेतात. मी त्याच सस्पेन्शनचं सॉफ्टवेअर लिहिते. चाकाला धक्का बसला की मोटर उलटा जोर लावते आणि धक्का आत पोचू देत नाही.

"लय शानी झालीया तुजी गाडी," दोन महिने आबांचं एकच पालुपद होतं. "खड्डा मला सांगायच्या आदीच खाऊन टाकती. मग मी हितं कशाला? घरी पाळण्यात बसतो की."

सगळे हसायचे, पण ऐकायचे. रस्त्याची बारीक थरथर आबा तळव्यांनी ओळखायचे. त्यासाठी बूटही पातळ तळाचे घ्यायचे. त्यांचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तरी शेवटच्या चाचणीचा नियम असा, की यंत्रणा चालू आहे की बंद, हे चालकाला सांगायचं नाही. सकाळी धरणालगतच्या पवनानगरच्या रस्त्यावर सहा फेऱ्या केल्या. मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते. बारीक धक्के जिरवणारा भाग तीनदा चालू ठेवला, तीनदा बंद.

पहिल्या फेरीनंतर आबा म्हणाले, "चालू." बरोबर होतं. दुसरीनंतरही "चालू." ती बंद होती.

माझीच चूक असेल म्हणून मी सगळं पुन्हा तपासलं. पाचव्या फेरीत, बंद असताना, थरथर माझ्या पोटऱ्यांपर्यंत चढली. खडी न् खडी कळत होती.

"बग," आबा म्हणाले, "कायबी वर येत न्हाई. चालूच हाय."

सहावी संपल्यावर धरणाच्या कडेला थांबलो. पाच वर्षांपासून आबांना शुगर आहे. मी त्यांच्या दाराशी जाऊन बसले.

"आबा, बूट-मोजे काढा. आणि पाण्याकडं बघा."

"आता डाक्टरीन झालीस व्हय?"

मी पेनाचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याखाली टेकवलं. मग मध्ये. मग टाचेवर. जोर वाढवला.

"टोचव की," ते पाण्याकडं बघत म्हणाले. "कवाची वाट बगतोय."

मग त्यांनी वळून पाहिलं. पेन टाचेत रुतलेलं होतं.

पाय मागे घेत आबा म्हणाले, "म्हंजी गाडी बरी हाय."

"नाही. यंत्रणा रस्ता खातेच. आज बंद फेऱ्यांत मला कळलं ते. तुमचं खरं आहे."

"मग लिव्ह तसं. माजं मत म्हनून."

"तसं नाही लिहिता येणार, आबा. सहाही वेळा तुम्ही चालूच म्हणालात."

त्यांनी सावकाश बूट घातले. "कामशेतपातुर तरी चालवू दे."

"नाही. ब्रेक त्याच पायाखाली आहे."

ते डावीकडे येऊन बसले. सवयीनं त्यांचा हात उजव्या खांद्यामागे पट्टा चाचपत राहिला. मी तो डावीकडून ओढला आणि त्यांना लावून दिला.