दुसऱ्याच्या तोंडानं

दीपमालाताईंनी बारा वर्षं समुपदेशन केलं होतं. आता नव्या समुपदेशकांना मार्गदर्शन कसं करायचं, याचं त्यांचं प्रशिक्षण चालू होतं आणि सरावासाठी लाखनीच्या केंद्रातली मेघा त्यांच्याकडे दिली होती. प्रशिक्षकांनी बजावलं होतं, उत्तरं देऊ नका, विचारा. पण ताईंच्या पोटात उत्तर राहील तर शपथ!

पहिल्याच बैठकीत मेघा एकोडीच्या एका बाईशी झालेल्या पहिल्या भेटीबद्दल सांगू लागली. नवरा गेल्यापासून बाई कोणाशी बोलत नव्हती. मेघाची दोन वाक्यं पुरी व्हायच्या आत ताईंनी कोणते प्रश्न कसे विचारायचे, ते घडाघडा सांगून टाकलं. मेघानं निमूटपणे वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती पडेल चेहऱ्यानं आली.

"मॅडम, तुमचे सगळे प्रश्न विचारले. तर बाई म्हणे, 'आज तुमी कायले दुसऱ्याच्या तोंडानं बोलून राहिल्या? मागच्या खेपेले बरं वाटलं होतं मले.'"

ताईंच्या जिभेवर लगेच तीन सल्ले आले. चहाच्या घोटाबरोबर त्यांनी ते गिळले.

"मागच्या खेपेला काय केलं होतंस तू?"

मेघा टेबलाकडे बघत राहिली. बाहेर हायवेवरून दोन ट्रक गेले. ताई तरीही थांबल्या.

"काहीच नाही, मॅडम. त्या रडल्या. मला माझे बाबा आठवले, मला पण रडू आलं. चुकलंच ना?"

"अगं, मग हे मला तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"सांगूनच राहिली होती मी, मॅडम."