एका घरात दोन ओट्या

सकाळी सहाला चंदाने अंगणातली बादली उचलली. शेणपाण्याचा सडा तिने तुळशीपासून सुरू केला आणि मागे सरकत सरकत फाटकापर्यंत नेला. मग उकिडवे बसून उंबऱ्यापुढे रांगोळीच्या चार रेघा ओढल्या. उठताना फक्त एक हात गुडघ्यावर टेकला. बोअरची मोटर लावून पाण्याचे दोन गुंड-हंडे भरले, कमरेवर घेऊन एकेक आत नेला. चहा उकळेपर्यंत रात्रीचा भात कांदा-मिरचीत परतून घेतला आणि त्यातला वाटीभर उभ्याउभ्याच खाल्ला. तिला सातवा महिना होता.

पलंगावर डाव्या कुशीवर पडून तृप्ती हे सारे दारातून पाहत होती. तिलाही सातवाच होता. फरक एवढाच की तिच्या पोटात दोन होती.

दोन असणे म्हणजे काय, हे तिने कुणाला सांगितले नव्हते. सांगायला गेले की लोक आधी हसत आणि मग अभिनंदन करीत. एक जीव उजव्या बरगडीखाली टाचा रोवून बसलेला, दुसरा खाली ओटीपोटात आडवा. एक झोपला की दुसरा जागा. चार घास खाल्ले की गळ्यापर्यंत जळजळ, कूस बदलायची तर आधी पलंगाची पाटी धरायची, मग पोट हातांनी उचलून ठेवायचे आणि त्यानंतर आपण वळायचे. भिंतीपलीकडे चंदा मात्र रात्रभर घोरत असे. तो आवाज तृप्तीला सगळ्यात जास्त टोचत होता.

तुमसरच्या सोनोग्राफीत दोन ठोके दिसले, त्या दिवशी तिच्या नवऱ्याने, कैलाशने, अर्ध्या सिहोरा गावाला पेढे वाटले होते. सासूने, धुरपताबाईने, तेव्हापासून तिला काडी उचलू दिली नाही. थोरली जाऊ म्हणून चंदा दोघींचे काम करू लागली आणि गावातल्या बाया आपसांत बोलू लागल्या, 'मोठीले एकच अन् लहानीले दोन, जळत असन बिचारी.' धुरपताबाईने ते मनावर घेतले. दर शनिवारी ती मीठ-मिरच्या तृप्तीवरून उतरवून चुलीत टाकायची आणि चंदाला तिचे ताट वाढू द्यायची नाही.

तृप्तीला यातला उलटेपणा कळत होता. चंदाने तिच्याकडे कधी वळून पाहिले नसेल इतके ती चंदाकडे पाहत होती. धान रोवण्याच्या दिवसांत चिखलात उभी राहून बायांशी हसणारी चंदा, भाकरीवर ठेचा घेऊन खाणारी चंदा, जिन्यावरून हात न धरता उतरणारी चंदा. नजर असलीच या घरात, तर ती आपली आहे, हे तिला पक्के ठाऊक होते.

आज चार वाजता दोघींची सातव्याची ओटी होती. दोन पाट, दोन हिरव्या साड्या; सगळे ठरले होते. आणि तृप्तीचे डोके तीन दिवसांपासून दुखत होते.

गावच्या आशा सेविका ललिताबाईने कार्डावर जोखमीचा लाल शिक्का मारताना बजावले होते, "डोकं ठनकलं, डोळ्यापुढे काजवे चमकले, तोंडावर सूज आली, तं वाट पाहाची नाई. लगेच मले फोन करजो." तिन्ही गोष्टी झाल्या होत्या. परवा अंगठी निघेना. काल आरशात डोळे बारीक दिसले. तरी तृप्तीने फोन केला नाही. दवाखान्यात नेले तर पाटावर चंदा एकटीच बसेल, सगळ्या बाया तिच्याच तोंडाकडे पाहतील आणि म्हणतील, पाहा कशी ठणठणीत आहे. तेवढे एक तिला सहन होणार नव्हते. आजचा दिवस निभावला की उद्या सांगू, असे ती स्वतःला समजावत होती.

दहाच्या सुमाराला धुरपताबाई आत आली आणि कपाळ दाबत पडलेली सून पाहून थबकली.

"काहून व, डोकं दुखून राह्यलं का?"

"थोडंसं, आई."

"थोडंसं नाई. तोंड पाह्य कसं झालं!" धुरपताबाईची नजर सरळ स्वयंपाकघराकडे वळली. "मले वाटतच होतं. एका घरात दोन ओट्या झेपत नाई."

ती स्वयंपाकघरात गेली. भिंत अर्धीच होती, शब्द न् शब्द इकडे येत होता.

"चंदा, तुही ओटी पुढच्या हप्त्यात करू. आज तू तुह्या मैत्रिणीच्या, रिताच्या घरी जाऊन बस. बाया गेल्या का मंग येजो."

लाटण्याचा आवाज थांबला.

"काहून?"

"तिचं डोकं ठनकते. दोन जिवांचा सवाल आहे, बाई. तू मनानं वाईट नाई, पन नजर का सांगून लागते?"

"माह्या नजरेत एवढा दम असता तं आई, धानातले रानडुकरं कवाचे मेले असते," चंदा म्हणाली. "तुमच्या मोठ्या लेकाले रातभर मचानीवर जागाव लागलं नसतं."

धुरपताबाईला हसू आले असावे, कारण तिचे उत्तर जरा उशिरा आले. "थट्टा नोको करू. सांगतलं तेवढं आयक."

तृप्तीच्या मनात आधी उमटला तो आनंद होता. एकच पाट, आणि त्यावर आपण. तो आनंद इतका लखलखीत होता की तिलाच त्याची भीती वाटली. एक शब्द बोलली असती तर हे थांबले असते. 'आई, हे तीन दिवसांचं आहे, डॉक्टरचं काम आहे.' ती बोलली नाही. तिने डोळे मिटले, तर मिटल्या पापण्यांआडही काळे ठिपके तरंगत राहिले.

थोड्या वेळाने दाराशी पैंजण वाजले. चंदा उंबऱ्याबाहेर तांब्या घेऊन उभी होती.

"मी आत येत नाई. पानी इथंच ठेवतो. घेता येईन का तुले?"

"हाओ, ताई."

चंदाने तांब्या ठेवला, पण ती गेली नाही. चौकटीला पाठ टेकून ती सावकाश खाली बसली. तृप्तीने पहिल्यांदाच पाहिले की बसताना तिने ओठ आवळले होते आणि तिच्या घोट्यांवर निळ्या शिरा टरारल्या होत्या.

"लोकं म्हनते मी जळतो तुह्यावर," चंदा अंगणाकडे पाहत म्हणाली. "खोटं नाई. जळतो. पन तुह्या दोन लेकरांवर नाई व, तुह्या पलंगावर. कोनी मलेबी एक दिवस म्हनाव, चंदा, पड जराशी. रातच्याले अशी पडतो का मेल्यासारखी झोप लागते." ती स्वतःशीच हसली. "जाऊ दे. आता रिताच्या घरी तीन घंटे बसाले भेटते, हेबी का कमी आहे?"

पदराने तोंड पुसून ती उठली. या वेळी दोन्ही हात लागले.

तृप्ती छताकडे पाहत पडून राहिली. आपण जिचा इतके महिने हेवा केला ती बाई आपण कधी पाहिलीच नव्हती, असे तिला वाटले. तरी हेवा गेला असे झाले नाही. तो होता तिथेच होता, फक्त त्याच्याशेजारी लाज येऊन बसली. बरगडीखालच्या जिवाने लाथ मारली. खालच्याची तिने वाट पाहिली. बराच वेळ गेला, मग तोही हलला. 

तिने फोन घेतला. पडद्यावरची नावे काळ्या ठिपक्यांत बुडत होती. अंदाजाने तिने ललिताबाईचे नाव दाबले.

ललिताबाई वीस मिनिटांत आली. दंडाला पट्टा बांधून तिने यंत्र सुरू केले, आकडा पाहिला आणि पुन्हा सुरू केले.

"बीपी वरचा एकशे साठ, खालचा एकशे दहा. कवापासून दुखते?"

"तीन दिवस."

"तीन दिवस! अन् तू गप?"

"नजर लागली तिले, ललिताबाई," धुरपताबाई मध्येच म्हणाली.

"नाई, आई." तृप्तीने पलंगाची पाटी धरली आणि ती उठून बसली. "मलेच सांगाचं नव्हतं. मी दवाखान्यात गेलो तं ताई एकटी पाटावर बसन, म्हनून लपवलं. ताईनं काई नाई केलं. केलं ते मीच केलं."

धुरपताबाई तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली. "पोटात लेकरं असून असा विचार केला तू?"

"हाओ," तृप्ती म्हणाली. "ताईले रिताकडे धाडू नका. चारच्या बाया परत पाठवू नका. ओटी आजच भरा."

ललिताबाईने दवाखान्याची गाडी बोलावली, भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात कळवले आणि खाणीवर कामाला गेलेल्या कैलाशला फोन लावून थेट तिकडेच यायला सांगितले. धुरपताबाई पिशवीत लुगडी, चादर, कार्ड भरू लागली. थोड्या वेळाने तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "चंदा, मी हिच्यासंगं जातो. घर अन् बाया तू पाह्य. तुही ओटी भराले रिताच्या सासूले बसवजो."

गाडी आली तेव्हा शेजारच्या दोघी मदतीला म्हणून लवकरच आल्या होत्या आणि पुढच्या अंगणात चटया घालीत होत्या. तृप्तीने गाडी मागच्या गल्लीत घ्यायला लावली. ललिताबाईच्या खांद्यावर हात ठेवून, पोट दुसऱ्या हाताने सावरत, ती गोठ्याच्या बाजूने चालत गेली. चंदाने मागचे दार उघडून धरले होते.

आत डाव्या कुशीवर निजल्यावर तृप्तीने चालकाला हाक दिली.

"भाऊ, गाव सुटेपर्यंत भोंगा वाजवू नका. घरी ओटीचा कार्यक्रम आहे."

चालकाने मान हलवली. गाडी शाळेपाशी वळली, बाजाराच्या चौकातून हळूच बाहेर पडली आणि धानाच्या शेतांच्या बांध्या सुरू झाल्यावर मगच त्याने बटण दाबले.