दाराला बांधलेला लिंब

मोरीच्या कट्ट्यावरचं फुलपात्र घरंगळलं आणि फरशीवर ठण्णकन वाजलं. सगळं घर निजलेलं, गल्ली निजलेली. मंगलला वाटलं, हा आवाज पार वेशीपर्यंत गेला. तिने ते पायानेच थांबवलं, मग पाय लागला म्हणून उचलून कपाळाला लावलं.

"हळू गं, तेजू."

"हात ओला हाय माझा," तेजश्री कुजबुजली. ती पाण्याची बाटली भरत होती.

बाहेर अजून फटफटायचं होतं. मागच्या बांधाला मंगलचा भाऊ रामप्रसाद मोटारसायकल बंद करून उभा होता. गावातल्या थांब्यावरून जायचं नव्हतं. बांधाबांधाने डांबरी गाठायची, तिथून बीड आणि बीडहून क्लबच्या गाडीने संभाजीनगर. तेजश्रीने क्लबची निळी जर्सी घालून वरून आईचा जुना स्वेटर चढवला होता. चौदा वर्षांची पोर, पण स्वेटर तिला आता आखूड होत होता. मंगलच्या ते त्या क्षणी लक्षात आलं.

"आई, सोमवारी बबितानं इचारलं तर काय सांगू?"

"सोमवारी तुला शाळेत जायचंच न्हाई. देवी आलेलं लेकरू आठ-पंधरा दिस घरातच असतंय."

तेजश्री उंबऱ्यात थांबली. "अन् त्यानंतर? तोंडावर डाग कुठून आणायचे?"

याचा विचार मंगलने केला नव्हता. "ते बघू. तू पाय उचल," ती म्हणाली, आणि पोरगी अंधारात दिसेनाशी झाली.

दार लोटताना कडुलिंबाचा डहाळा मंगलच्या गालाला घासला. काल संध्याकाळी तिनेच तो चौकटीला बांधला होता. घरात कुणाच्या अंगावर कांजिण्या निघाल्या, म्हणजे देवी आल्या, की बांधतात तसा.

तेजश्री चालायला लागली तेव्हापासून तिच्या पायापुढे काही ना काही असायचंच. आधी कांदे, मग रिकामा डबा, मग चिंध्यांचा चेंडू. मंगल गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. चुलीशी बसलं की खिडकीतून मागचं रान दिसायचं. त्या रानात गहिनीनाथ सरांनी पोरींची फुटबॉलची टीम उभी केली. सर गणित शिकवायचे आणि खेळाचंही बघायचे. निम्म्या पोरी अनवाणी खेळायच्या. भूक लागली की सगळ्या मंगलच्या चुलीभोवती यायच्या, "काकू, करपलेलं खरडून द्या ना," म्हणून मागे लागायच्या. बबिता तर पातेल्यात डोकंच घालायची. ती गोलला उभी राहायची आणि तेजश्री पुढे पळायची. दोघी एका बाटलीने पाणी प्यायच्या.

तेजश्रीला बीडच्या क्लबात नेलं तेही सरांनीच. "ताई, ही पोरगी आपल्या रानात मावायची न्हाई," असं ते म्हणाले होते. मग शनिवार-रविवार जीपने बीड आणि इतर दिवशी शाळा, असं वर्षभर निभलं. तिचा बाप भागवत ट्रकवर असायचा, त्यामुळे ने-आण मंगलकडेच. लहानग्या सत्यमला काखेत मारून ती मैदानाच्या कडेला बसायची. क्लबात बूट मिळाले, केळी-अंडी मिळाली आणि शिस्तही मिळाली. तिथल्या कोचना शाळेचा खेळ खपत नसे. खड्यांच्या रानात पाय मुरगळला तर कोण जबाबदार, असं ते विचारायचे. सर मात्र कधी काही बोलले नाहीत. उलट शनिवारी तिला लवकर सोडायचे.

दिवाळीआधीची शाळांची जिल्ह्याची मॅच पावसाने वाहून गेली आणि पुढे ढकलत ढकलत नेमकी या रविवारी आली. याच रविवारी क्लबची संभाजीनगरला मॅच होती आणि पुण्याचे लोक निवडीसाठी पोरींचा खेळ बघायला येणार होते. कोचचा फोन आला. "ती आली नाही तर तिच्या जागी दुसरी मुलगी तयार आहे. काय ते तुम्ही ठरवा."

"मला दोन्ही खेळायचंय," तेजश्री म्हणाली होती. एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मग मंगलने ठरवलं. मंगलचं लग्न दहावीच्या निकालाआधी लागलं होतं. किती मार्क पडले ते तिला सासरी कळलं, तेही भाकरी थापताना. ठरवताना तिला तेच दिसत होतं.

शाळेच्या टीममध्ये मोजून अकराजणी उरल्या होत्या. बाकीच्या पोरी आईबापांबरोबर ऊस तोडायला गेल्या होत्या. बबिताची टोळी तेवढी मागे होती. तिचा बाप तानाजी तिलाही नेणार होता, बारकं भावंड सांभाळायला. सरांनी त्याच्याकडून शब्द घेतला होता. टीम जिल्ह्याला जिंकून पुढे गेली, तर बबिताला आत्याकडे ठेवायचं आणि शाळा चालू ठेवायची. हरली, तर टोळीबरोबर न्यायचं. ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. मंगललाही होती.

सरांना तोंडावर नाही म्हणणं तिला जमलं नसतं. देवीचं नाव घेतलं की पुढे कुणी विचारत नाही आणि घरी बघायलाही येत नाही. म्हणून शनिवारी तिने फोन केला.

"देवीपुढं आपण काय बोलणार, ताई," सर म्हणाले. "जपा पोरीला. दहाजणींवर खेळू. बबिता हाय ना गोलला. तिच्या हातून सुटत न्हाई सहजासहजी."

दहाजणी जिंकतीलही, असंच मंगलने मनाशी धरलं होतं.

उन्हं अंगणात उतरली तशी शेजारची बायनाबाई भिंतीपलीकडून डोकावली. तिची लेकही टीममध्ये होती.

"मंगल, कशी हाय गं तेजू?"

"पडून हाय."

"फोडनी-बिडनी देऊ नको बरं घरात. चर्रर्र आवाज देवीआईला सोसत न्हाई."

"न्हाई देत." ते खरं होतं. फोडणीचा वास भिंतीपलीकडे जातो म्हणून कालपासून घरात नुसता वरणभात शिजत होता.

"मी आपली पोरगी ठिवून घेतली बग घरी," बायनाबाई म्हणाली. "कालच्याला एका डब्यात जेवल्या दोघी. चंद्रभागाबाईच्या बी दोघी जात न्हाईत, अन् वरल्या आळीतल्या एकीला तिच्या आजीनं कोंडून घातली म्हनं. सर बिचारे दारोदार फिरायलेत."

मंगलच्या हातातला खराटा तसाच राहिला. "कावून? पोरींना काय हुतंय? जाऊ द्या की त्यांना."

"आता गं बया. तुझ्या घरात आई बसल्यात अन् तू असं बोलतीस व्हय? उद्या माझ्या लेकीच्या अंगावर उठल्यात, तर तू येशील का बघायला?" बायनाबाईने डोक्यावर पदर घेतला. दाराकडे तोंड करून दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून ती बराच वेळ पुटपुटली. "लेकराला सांबाळ गं माय. लई गुनाची हाय."

आत तेजश्रीच्या अंथरुणावर सत्यम पालथा पडून बाटलीच्या झाकणांची मॅच लावत होता.

थोड्या वेळाने स्कूटर थांबली. गहिनीनाथ सर कुंपणाबाहेरच उभे राहिले. लिंबाकडे बघून त्यांनी चपला काढल्या. शाळेची जीप नऊला निघायची होती. सरांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"ताई, पोरगी कशी हाय?"

"हाय... कणकण हाय."

"एक काम कराल का? तुमी आई हाव तिची, तुमचं ऐकतील बाया. बायनाबाईला एवढंच सांगा, की पोरीला जाऊ द्या, देवी काय अशी लागत न्हाई. एक पोरगी आली तरी सात हुतात. सात असल्या की खेळता येतंय. हरू, पन मैदानात तर उतरू." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "बबिताचं तुमाला म्हाईत हाय."

एका वाक्याचं काम होतं. सर, तेजू घरात न्हाई. सर रागावले असते. चुलीवरचं काम गेलं असतं. देवीचं खोटं नाव घेतलं म्हणून बायनाबाईने जन्मभर तोंड बघितलं नसतं. पण तिची पोरगी जीपमध्ये बसली असती. तेजश्री आता बीडच्या पुढे गेली असेल, तिला कुणी परत आणणार नव्हतं. तरीही वाक्य ओठांवर येईना. सत्यमने मागून येऊन तिच्या पदराचं टोक धरलं होतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच.

"मी कसं सांगू, सर? देवीचं हाय."

"बरोबर हाय," सर म्हणाले. "तुमच्यावर आदीच बेजारी, अन् मी हे काय घेऊन बसलो." त्यांनी चपला घातल्या. स्कूटर दोनदा किक मारूनही सुरू होईना, तेव्हा ते ती ढकलतच उताराला लागले.

दिवेलागणीला तेजश्री बांधावरून घरात आली. तोंड धुळीने माखलेलं, डोळे मात्र लखलखत होते. स्वेटर तिने कमरेला बांधला होता. मंगलने ओढून तिला आत घेतलं.

"दोन-एक," ती बसायच्या आधीच म्हणाली. "दुसरा माजा. आई, डावीकडून घेतला अन् अस्सा फिरवला, त्यांची पोरगी नुसती बगतच ऱ्हायली. पुण्याच्या सरांनी नाव लिहून घेतलं. म्हनले, उन्हाळ्यात बोलवू."

मंगलने तिची दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेतल्या आणि परत ठेवल्या. मोहऱ्या विस्तवावर तडतडतील. मग तिने पोरीला नुसतंच जवळ ओढलं. केसांना गवताचा आणि उन्हाचा वास येत होता. तेवढी घटकाभर ती सुखात होती, हे तिला पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

तेजश्रीने वरणभाताचे दोन घास घेतले. "शाळेचं काय झालं?"

"सहाच जमल्या." मंगल ताटाकडे बघत म्हणाली. "देवीच्या भ्यानं कुणी पाठवल्याच न्हाईत. सर सहाजणींना घेऊन गेलते, पन सात तरी लागतात म्हनं. समोरच्यांना न खेळताच पुढं पाठवलं."

तेजश्रीचा हात ताटात थांबला.

"मंग बबिता?"

मंगलने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तेजश्रीने तो घेतला नाही. जर्सी तशीच अंगात ठेवून ती अंथरुणावर गेली आणि डोक्यावरून गोधडी ओढली. देवी आलेली पोर निजते तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात हाक आली.

"काकू, आत येत न्हाई मी. हितूनच."

बबिता होती. तेलाने चापून बसवलेली वेणी, शाळेचाच फ्रॉक, त्यावर बापाचा फुल शर्ट. तिच्या हातात पळसाच्या पानावर दहीभात होता. तो तिने उंबऱ्याशी ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

"मायनं दिलाय देवीआईला. जाता जाता ठिवून ये म्हनली. थंडावा हुतो."

"टोळी निघाली?"

"दुपारच्याला. सामान भरून झालंय. औंदा कर्नाटकात चाललाव, लई लांब हाय म्हनं." ती हसली. "बारकं माझ्याकडंच ऱ्हातंय, मायकडं रडतंय नुसतं. सर म्हनले, पुढच्या वर्षी बगू."

मंगल पदराच्या टोकाने हात पुसत राहिली.

"तेजूला सांगा, मी रागावले न्हाई. वरल्या आळीतल्या पोरी म्हनत्यात, तिच्यामुळं झालं. मी म्हनले, येड्या हाव का गं, देवी काय इचारून येत्यात व्हय?" मग तिने मान उंचावून दाराकडे आवाज दिला, "तेजे! लवकर बरी हो. अन् माझ्या जागी कुणा पोरीला गोलला उभी केली तर सांग तिला, डोळे मिटू नको म्हनावं बॉल आल्यावर."

दाराच्या फटीतून मंगलला तेजश्री दिसत होती. भिंतीला पाठ लावून ती उभी होती आणि स्वेटरची बाही तिने दातात धरली होती.

बबिता वळली तेव्हा मंगलचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं.

"चपला कुठं गं तुझ्या?"

"पिशवीत हायत." बबिता जराशी लाजली. "नवस बोललेय मी देवीआईला. तेजू बरी हून पुन्हा खेळाय लागंस्तोवर पायात घालायच्या न्हाईत."

"अगं, उसाच्या रानात..." तोडलेल्या उसाचे बुडखे कसे तासलेले असतात, ते तिने पाहिलं होतं.

"सवय हाय, काकू. गोलला बी अनवाणीच असते की मी. येते."

ती कुंपणातून बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि टाचा न टेकवता, खडे चुकवत भराभर चालू लागली. मंगल दहीभाताचं पान उचलायला वाकली आणि तिथेच बसली. आत तेजश्रीच्या हुंदक्याचा आवाज आला, मग तोही दाबला गेला.

सत्यम उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. त्याने रस्त्याकडे पाहिलं, मग आत, मग आईकडे.

"आई, ताई तर खेळली ना काल? मंग पळत जाऊन सांगू का बबिताताईला, चपला घाल म्हणून?"