थर वाळेपर्यंत

उत्कर्षला घाणीची किळस येत नसे असं कुणी म्हणेल तर ते खोटं. यायची, चांगली पोटातून ढवळून यायची. पण दुसऱ्यांच्या गाड्या चकाचक करायचा धंदा मांडल्यावर नाक मुरडून कुठं जाणार? शेलूबाजारात हायवेला लागून त्याचं दुकान, आणि तिथं येणाऱ्या गाड्या म्हणजे चालते उकिरडे. लोक हौसेनं गाडी घेतात, तिला लिंबू-मिरच्या बांधतात आणि पहिल्याच आठवड्यात चालत्या गाडीतून तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकतात. वारा ती पिचकारी आणून मागच्या दाराला लावतो. ती उन्हात वाळते, तिच्यावर दुसरी बसते, आणि मग मालक विचारतो, हा लाल डाग काहून निघून नाही राह्यला? सीटखाली वांतीचे पापुद्रे, पायपुसणीखाली सडका टमाटा, एका साहेबांच्या गाडीत तर सीटच्या फटीत कापलेली नखं. माणसं अत्तर लावून या घाणीत बसतात कशी, हे कोडं त्याला कधी सुटलं नाही.

म्हणूनच गोपालनं नवी काळी गाडी घेतली तेव्हा उत्कर्षला मनापासून आनंद झाला. कोरी गाडी, कुणी थुंकलेलं नाही, कुणी ओकलेलं नाही. गोपाल त्याचा वाशीमच्या कॉलेजातला दोस्त. घरची भाजीपाल्याची बागायती, मळा शेलूबाजारहून जवळच. दुकानात आला की चार लोकांच्या देखत मोठ्यानं "जय भीम, साहेब!" म्हणायचा. उत्कर्षच्या आजोबांनी छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला. त्या घरातल्या पोरानं पुण्यात गाड्यांचं काम शिकून इथं दुकान टाकलं, याचं गोपालला फार कौतुक असे. निदान तो तसं बोलून दाखवायचा.

"तनुजाचा साखरपुडा हाय," गोपाल म्हणाला. तनुजा त्याची धाकटी बहीण. "रिठदचे पाहुणे येऊन राह्यले. तिले याच गाडीतून हॉलवर न्याचं हाय. असं कोटिंग मार की पाहुण्यायले आपलं तोंड दिसलं पायजे गाडीत."

दुकानात हायवेची धूळ उडते, काळ्या रंगावर ती लगेच दिसते. म्हणून काम गोपालच्याच मळ्यात, भाजी निवडायच्या बंद शेडमध्ये करायचं ठरलं. उत्कर्ष सामान घेऊन गेला. गाडी धुतली, चिकणमातीसारख्या गोळ्यानं रंगातला बारीक कचरा उचलून काढला, पॉलिश केलं आणि सीलंटचा पहिला थर चढवला. सीलंट म्हणजे रंगाचं चिलखत. पातळ पसरायचं, धुकट दिसायला लागलं की मऊ कापडानं पुसायचं, आणि मग रात्रभर गाडीला कुणी बोट लावायचं नाही. तो थर पुरता वाळला की त्यावर दुसरा. कच्च्या थरावर थेंब पडला की डाग धरलाच म्हणून समजा.

"काकू, रातभर पाणी लागू देऊ नका गाडीले," त्यानं गोपालच्या आईला, पंचफुलाबाईंना बजावलं.

"नाई रे बाबू, पान्याचा थेंब नाई पडू देत," त्या म्हणाल्या आणि त्याच्यासाठी चहा पाठवला. कागदी कपात. कार्याचं घर आहे, कप विसळायला कुणाला वेळ, असं उत्कर्षला वाटलं. पंचफुलाबाईंच्या तोंडात नेहमी साखर असायची. बाबू म्हटल्याशिवाय त्या त्याच्याशी बोलायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेडचं दार सरकवलं आणि तो दारातच थबकला. बॉनेटवर, टपावर, दारांवर, सगळीकडे पांढुरक्या कडांचे ठिपके. देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखी दिसत होती गाडी.

"वटवाघूळ असन," गोपाल गाडीकडे न पाहता म्हणाला.

वटवाघळाचं काम हे नव्हतं, एवढं उत्कर्षलाही कळत होतं. पण मग काय? बाटलीतला माल नासका? का थर जाड झाला? का पुसताना आपणच घाई केली? पुण्यात त्याचा उस्ताद म्हणायचा, माल फसवत नाही, हात फसवतो. उत्कर्षकडे ना शेत होतं ना नोकरी. हात तेवढा होता. या गाडीवर तो फसला आणि साखरपुड्यात सगळ्या पाहुण्यांनी ते पाहिलं, तर दुकानाला कुलूप लावायला वेगळा मुहूर्त काढायची गरज नव्हती. त्यानं सगळा थर घासून काढला, अंगाला घामाच्या धारा लागल्या, आणि श्वास रोखून पुन्हा पहिल्यापासून चढवला. पंचफुलाबाई दारात येऊन बघून गेल्या.

"पुन्याले शिकला ना रे बाबू तू?" त्यांनी विचारलं. उत्कर्ष दाराची तीच मूठ पुन्हा पुसत राहिला.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी ठिपके पुन्हा हजर. या वेळी दारांच्या मुठींवर जास्त, जिथं त्याचा हात जास्त वेळ लागला होता. साखरपुडा दुसऱ्या दिवसावर आला होता. उत्कर्षला रडू यायचंच बाकी होतं. स्वतःच्या बोटांकडं पाहताना त्याला त्यांची चीड आली. आपल्या घामातच काही खोट आहे काय, इथपर्यंत त्याचं डोकं गेलं.

त्यानं पॉलिशची मशीन लावली. अर्धं बॉनेट घासून झालं, पत्रा तापला, आणि वास आला. ओळखीचा, तिखट, नाकात चढणारा. शेजारी गोठा आहे, तिथून येत असेल, असं म्हणून त्यानं मशीन बंद केली आणि दम खायला कोपऱ्यातल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकला. घरातून त्याच्यासाठी म्हणून आलेली खुर्ची. हाताखाली काही खरखरीत लागलं. त्यानं वाकून पाहिलं. खुर्चीच्या हातांवर, पाठीवर, बसायच्या जागेवर, तेच ठिपके. वाळलेले, पिवळसर.

खुर्चीला काही त्यानं सीलंट लावलं नव्हतं.

त्यानं नाक जवळ नेलं. गोमूत्र.

पहिल्यांदा त्याला काय वाटलं असेल? बरं वाटलं! हो, अगदी हायसं वाटलं. माल चांगला आहे, हात चांगला आहे, आपली चूक नाही. तो खुर्चीत बसल्या बसल्या चक्क हसला. आणि ते हसू तोंडावर असतानाच बाकीचं सगळं त्याच्या डोक्यात उतरलं. तो घरी गेला की त्यानं हात लावलेली गाडी, त्यानं धरलेल्या मुठी, तो टेकला ती खुर्ची, सगळं शिंपडून शुद्ध होत होतं. नवरी बसायची गाडी ना. आणि ज्या शिंपडण्यानं त्याचा थर सडवला, तेच वाळलेलं मूत तो दोन दिवस हातांनी घासत होता, आणि वरून स्वतःच्या घामाला दोष देत होता. वरून कीर्तन, आतून तमाशा! बाबू म्हणे!

शेडबाहेर जाऊन तो टमाट्याच्या वाफ्याच्या कडेला ओकला. खर्ऱ्याच्या थुंकीनं, वांतीच्या पापुद्र्यांनी, कुणाच्या नखांनी जे केलं नव्हतं, ते आज झालं. घाण धुता येते, म्हणून तर तो धंद्यात टिकला होता. पण इथं घाण तोच ठरला होता, आणि मूत शुद्ध.

गोपाल धावत आला. "काय झालं बे? ऊन लागलं काय?"

उत्कर्षनं तोंड पुसलं, त्याला आत नेलं आणि खुर्चीकडं बोट केलं. "वटवाघूळ खुर्चीवर बी बसते काय रे?"

गोपालचा चेहरा उतरला. त्यानं मागं वळून आई कुठं आहे ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आईचं हाय ते. जुनं मानूस, गड्या. घरात शुभकार्य हाय, रिठदचे पाहुणे लय कडक हायत. तिच्या मनात काई नाई. तुले लेकरावानी समजते थे."

"तुले मालूम होतं काय, थे इचारून राह्यलो मी."

"तुले सांगून काय फायदा होता? तुले वाईट वाटलं असतं." मग गोपाल एकदम कळवळून म्हणाला, "पन म्या भांडलो तिच्यासंग, तुही शपथ! पह्यल्याच दिवशी म्हटलं, आई, खुर्चीवर टाक, पायरीवर टाक, जिथं टाकाचं तिथं टाक, पन गाडीवर नको टाकू, कोटिंग खराब होते. तिनं ऐकलंच नाई, तं म्या काय करू?"

हे त्यानं दोस्तीचा पुरावा म्हणून सांगितलं. त्याच्या तोंडावर शाबासकीची अपेक्षा होती. उत्कर्षला त्या तोंडाची अशी शिसारी आली की ती लपवायचंही त्याला सुचलं नाही. म्हातारीच्या हातातला शिंपडायचा तांब्या त्याला समजत होता. तो तांब्या त्याच्या आजोबांनी पाहिला होता, वडिलांनीही पाहिला होता. पण हा दोस्त उभा राहून, त्याच्या अंगाचा विटाळ कुठं धुवायचा आणि कुठं नाही याचा हिशेब आईला समजावून देत होता, आणि त्यालाच भांडण म्हणत होता.

त्यानं मशीनची वायर गुंडाळली. कापडं पिशवीत कोंबली. बॉनेट अर्धं आरशासारखं, अर्धं ठिपक्यांचं, तसंच राहिलं.

"अबे, असं नको करू!" गोपाल रडकुंडीला आला. "उद्या साखरपुडा हाय. एवढा एक थर मारून दे. दोस्तीखातर."

उत्कर्षनं पिशवी शेडच्या दारातल्या मोटरसायकलला अडकवली.

गोपालनं हँडल धरलं. "आज मी सोता झोपतो गाडीपाशी. आईले शेडमंदी येऊच देत नाई. गळ्याची आन, गाडीवर एक थेंब पडू देनार नाई!"

तो खुर्चीबद्दलही काही बोलेल म्हणून उत्कर्ष थांबला. किक मारायला उचललेला पाय त्यानं तसाच ठेवला. गोपालला वाटलं, मानला. तो खूश होऊन गाडीकडं वळला आणि बॉनेटवरचा एक ठिपका नखानं खरडून पाहू लागला.